जगण्यापुरती जागा : मुंबईची मोटार, नळी आणि पिंजरा

गिरगावात खेतवाडीच्या गल्ल्यांतून सी. पी. टँकच्या दिशेने चालू लागले, की नळ्यांची दुकाने लागतात. दुकान म्हणजे एक लहानसा गाळा, एक टेबल, दोन खुर्च्या आणि फळीवर मांडलेले नमुन्याचे तुकडे. खरा माल दूर कुठल्या तरी गोदामात असतो. रिफायनरीपासून औषधांच्या कारखान्यापर्यंत देशभरच्या कामांना लागणारी नळी या चिंचोळ्या गल्ल्यांतून विकली जाते. गिऱ्हाईक आत आले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कशासाठी पाहिजे?" पाण्याला, वाफेला, तेलाला की नुसत्या फॅब्रिकेशनला? उत्तर मिळाल्याशिवाय दुकानदार भाव सांगत नाही, कारण दिसायला सारख्या दोन नळ्या कामाला सारख्या नसतात.

काही वर्षांपूर्वी मी या दुकानांतून हिंडत होतो, तेव्हा माझे उत्तर होते, "पिंजऱ्यासाठी." एका वयस्कर दुकानदाराने चष्म्यावरून पाहत विचारले, "कसला? पोपटाचा?"

त्यांचा दोष नव्हता. मराठीत पिंजरा म्हटले, की कैदच आठवते. परळच्या राजकमल कलामंदिरने १९७२ साली 'पिंजरा' हा चित्रपट काढला, तोही अडकलेल्या माणसाचाच. मला हवा असलेला पिंजरा नेमका उलट्या कामाचा होता. खडकाळ, उताराच्या वाटेवर जीप किंवा ट्रक कोलांटी खातो, तेव्हा चालकाच्या डोक्यावरची, पाठीमागची आणि बाजूची जागा चेपू नये, म्हणून त्याच्याभोवती पोलादी नळ्यांचा जो सांगाडा उभारतात, त्याला इंग्रजीत रोल केज म्हणतात. गाडी वाचवणे हे त्याचे काम नाही. आतल्या माणसाला जगण्यापुरती जागा शिल्लक ठेवणे, एवढेच त्याचे काम.

शोध सुरू केला तो एका साध्या कुतूहलातून. या शहराकडे मोटारीचा कारखाना होता, पोलाद होते, नळी होती, सांधे जोडणारे हात होते, तंत्रशिक्षण देणारी संस्था होती. मग चालकाच्या डोक्यावर इतकी वर्षे ताडपत्री आणि पत्राच का राहिला?

कमानी आणि ताडपत्री

मुंबईत मोटारी जुळवण्याचा इतिहास सुरू होतो लालबाग-परळच्या अगदी शेजारी, शिवडीला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये तिथे आपला जुळणी कारखाना काढला. परदेशातून पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि शिवडीत त्यांची गाडी व्हायची. हा कारखाना १९५० च्या दशकात बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४० च्या दशकात कुर्ल्याला मोटारी आणि ट्रक बांधायला घेतले. आपल्या विषयाशी थेट नाते असलेली जागा मात्र माझगाव ही आहे.

१९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. तिचा धंदा होता पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या ७५ जीप सुट्या भागांत आणून १९४९ मध्ये माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली. स्वतंत्र भारताच्या जीपची सुरुवात अशी मुंबईच्या गोदीपासून हाकेच्या अंतरावर, पोलाद विकणाऱ्यांच्या हातून झाली.

ही जीप मूळची लष्करी. दुसऱ्या महायुद्धात तिच्याकडून अपेक्षा होती, की ती हलकी असावी, बुटकी असावी, शत्रूच्या नजरेत भरू नये, वेळ पडली तर चार जणांनी उचलून खड्ड्यातून काढावी. त्यामुळे तिला टप नव्हताच. पुढची काच बॉनेटवर पाडता यायची. पावसापुरत्या दोन पातळ कमानी होत्या, त्यांवर ताडपत्री. या कमानी घडी होऊन खाली बसायच्या, तोच त्यांचा गुण होता. गाडी उलटली तर त्या काय करतील, असा प्रश्न रणांगणावर कुणी विचारला नाही, कारण तिथे मरणाची इतर कारणे पुष्कळ होती.

युद्ध संपले, जीप शेतावर, जंगलखात्यात, धरणांच्या कामावर आणि घाटरस्त्यांवर आली. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर होते ८० इंच, डाव्या-उजव्या चाकांमधले जेमतेम चार फूट. खडकांवर चढावे म्हणून पोट जमिनीपासून उंच. अशी आखूड, अरुंद आणि उंच गाडी उतारावर आडवी घेतली, की ती कलंडायला फार कारण लागत नाही. खुद्द अमेरिकी लष्करालाही हा धडा उशिरा मिळाला. जीपनंतर आलेली त्यांची एम-१५१ ही गाडी वळणावर उलटण्यासाठी कुप्रसिद्ध झाली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर संरक्षक नळ्यांचा सांगाडा बसवावा लागला.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझे मामा एका ठेकेदाराकडे जीप चालवायचे. १९८६ च्या पावसाळ्यात घाटातल्या एका कच्च्या वाटेवर त्यांची गाडी दरीकडे नव्हे, डोंगराकडेच कलंडली. वेग काहीच नव्हता. कमानी घडी झाल्या आणि काचेची चौकट आत आली. मामा वाचले, पण मणक्याला मार बसला तो कायमचा. पुढची अकरा वर्षे ते लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर होते. माझे वडील परळच्या एका गिरणीत फिटर. ते एकदा म्हणाले, "त्या कमानींच्या जागी दीड इंची पाईप असता, तर?" वडिलांचा हा 'तर' माझ्या मनात राहिला. तो बरोबर होता की नाही, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. उत्तर आहे, अर्धा बरोबर होता.

हौदा पक्का, केबिन कच्ची

ट्रकची कथा याहून बोलकी आहे. आपल्याकडे ट्रक कित्येक दशके पूर्ण गाडी म्हणून विकला जात नव्हता. कारखान्यातून बाहेर पडायचे ते इंजिन, चासी आणि पुढचा दर्शनी पत्रा. चालक एखाद्या खोक्यावर किंवा साध्या खुर्चीवर बसून, डोक्यावर आभाळ घेऊन ते धूड शेकडो मैल हाकत न्यायचा. मग मालक ते बॉडी बांधणाऱ्याकडे सोपवायचा. बॉडीवाला सुतार आणि लोहार मिळून मागे हौदा बांधायचा, त्याला फाळका लावायचा, पुढे केबिन करायची.

या कामातली काळजी कुठे जाते, ते पाहण्यासारखे आहे. हौद्याला जाड लाकडाचे उभे-आडवे, पोलादी पट्ट्या आणि कोपऱ्याला तिरप्या आधारपट्ट्या, कारण हौद्यात माल भरायचा असतो आणि माल बाहेरच्या अंगाला रेटा देतो. केबिन मात्र लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा. तिच्यावर रंगकाम, झालरी, देवाची तसबीर, आणि टपावर सामान ठेवायची जागा. ऊन-पाऊस अडवणे हे तिचे काम, आणि ते ती चोख करायची. गाडी उलटल्यावर, किंवा करकचून ब्रेक लागल्यावर मागचा माल पुढे सरकला तर काय, याचा हिशेब त्या चौकटीत नव्हता. लाकडाचा सांधा खिळ्यावर किंवा बोल्टवर असतो. तो एकदा उखडला, की चौकटीचे चार सुटे वासे होतात.

हा कारागिराचा नाकर्तेपणा नव्हता. गिऱ्हाइकाने जे मागितले, ते त्याने दिले. खेतवाडीतला "कशासाठी?" हा प्रश्न हौद्याच्या बाबतीत विचारला गेला आणि केबिनच्या बाबतीत राहिला.

जगात इतरत्र हा प्रश्न विचारला जाऊ लागला होता. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रॅक्टर उलटून दर लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला १७ च्या आसपास माणसे मरत. १९९० पर्यंत हे प्रमाण एकाच्याही खाली, ०.३ वर आले. जर्मनीत मर्सिडीज-बेन्झचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये एका कल्पनेचे पेटंट मागितले. माणसे बसतात तो मधला भाग ताठ ठेवायचा, आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपू द्यायचा. ट्रकच्या केबिनच्या बळकटीबद्दलचा युरोपीय नियम १९७४ मध्ये आला. त्यात केबिनच्या टपावर पुढच्या आसावर येणाऱ्या कमाल भाराइतके, जास्तीत जास्त दहा टनांचे, वजन टाकून पाहतात आणि मग मोजतात ती उरलेली जागा.

मुंबईच्या धक्क्यावर ७२ गाड्या

नळ्यांचा पिंजरा मात्र कायद्याच्या आधी शर्यतींत आला. गाडी उलटणार हे जिथे गृहीतच असते, तिथे तो आधी येणे साहजिक होते. मुंबईला अशा गाड्यांचे मोठे दर्शन झाले ते १९६८ च्या डिसेंबरात. लंडन ते सिडनी या मॅरेथॉन रॅलीसाठी २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि उत्तर भारत ओलांडून, आठवडाभरात त्या मुंबईला पोचल्या. ज्या ७२ शर्यतीत टिकल्या, त्या 'चुसान' या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे भक्कम नळ्यांचे कठडे, वर जादा चाके, अंगावर अनेक देशांची धूळ असे त्यांचे रूप होते. रॅलीच्या गाड्यांत आतून संरक्षक नळी बसवण्याची पद्धत तोवर रुजू लागली होती. मुंबईच्याच नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली, आणि मग या शहरातल्या गॅरेजवाल्यांना पिंजरा ही केवळ पाहण्याची नव्हे, बांधण्याची वस्तू झाली.

आंतरराष्ट्रीय मोटर क्रीडा महासंघाच्या नियमात पिंजऱ्याच्या मुख्य कमानीसाठी आज जे लिहिले आहे, ते खेतवाडीतल्या दुकानदाराला एका वाक्यात कळेल. थंड ओढलेली, शिवणरहित, बिनमिश्र कार्बन पोलादाची नळी. बाहेरचा व्यास ४५ मिमी आणि जाडी २.५ मिमी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. हे आकडे असेच का, हे समजून घेतले, की वडिलांच्या 'तर'चे उत्तर मिळते.

नळीचे गणित

आधी नळीच का, भरीव सळई का नाही? २५ मिमीची भरीव सळई घेतली, तर तिचे वजन मीटरला सुमारे ३.८५ किलो. वर सांगितलेली ४५ मिमीची, अडीच मिमी जाडीची नळी मीटरला सुमारे २.६ किलो. म्हणजे पोलाद एक तृतीयांश कमी. पण वाकवायला लागलो, तर नळी सळईपेक्षा जवळजवळ चौपट ताठ असते. कारण वाकण्याला विरोध करते ते कडेचे पोलाद. मध्यावरचे पोलाद नुसते वजन वाढवते. बांबू पोकळ का, याचे उत्तर यातच आहे, आणि लालबाग-गिरगावच्या मंडपवाल्याला ते पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

मग नळी आणखी रुंद आणि आणखी पातळ का करू नये? करतात, पण मर्यादेपर्यंत. फार पातळ भिंतीच्या नळीवर दगडाचे टोक बसले, की तिथे पोचा येतो, गोलाई मोडते आणि नळी त्याच जागी कागदासारखी दुमडते. म्हणून नियमात व्यास आणि जाडी या दोघांची जोडी दिलेली असते.

दुसरा प्रश्न पोलादाचा. इथे तीन गुण वेगळे ओळखले पाहिजेत. ताठपणा, म्हणजे भार आल्यावर किती कमी लवते. ताकद, म्हणजे किती भारापर्यंत लवून पुन्हा सरळ होते. आणि चिवटपणा, म्हणजे कायमचे वाकल्यावरही न तुटता किती धक्का पोटात घेते. साध्या पोलादापासून विमानांच्या सांगाड्यासाठी वापरल्या गेलेल्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादापर्यंत ताठपणा जवळपास सारखाच असतो; बदलते ती ताकद. त्यामुळे महागडी नळी घेतली म्हणून पिंजरा आपोआप ताठ होत नाही. शिवाय अशा मिश्र पोलादाचा सांधा जोडताना उष्णतेचे भान राहिले नाही, तर सांध्याशेजारची पट्टी ठिसूळ होते. पिंजऱ्याला शेवटी चिवटपणाच तारतो. पिंजरा वाकला तरी चालेल, कारण वाकताना तो धक्का खर्ची घालतो. तो तुटता मात्र कामा नये. चांगल्या हातांनी जोडलेले साधे कमी कार्बनचे पोलाद हे कच्च्या हातांनी जोडलेल्या उंची पोलादापेक्षा केव्हाही बरे.

तिसरा प्रश्न वडिलांच्या दीड इंची पाईपचा. आपल्याकडे जीपवर जे हौशी पिंजरे दिसत, ते बहुधा पाण्याच्या पाईपचे. नळकाम करणारे ज्यांना ए, बी, सी क्लास म्हणतात आणि पिवळ्या, निळ्या, लाल पट्ट्यांनी ओळखतात, त्याच या नळ्या. त्यांची पहिली गंमत म्हणजे दीड इंच हे माप आतल्या पोकळीचे. बाहेरून ती ४८.३ मिमी भरते. म्हणजे व्यासात ती रॅलीच्या नळीला मागे टाकते, आणि सी क्लासची जाडीही भरपूर असते. मग उणे कुठे? ती पाण्याचा दाब आतून सोसण्यासाठी केलेली असते. पाणी गळत नाही ना, ही तिची परीक्षा. बाहेरून आडवा घाव बसल्यावर तिची शिवण कशी वागेल, हे तिला कुणी विचारलेले नसते. जस्ताचा मुलामा असेल, तर वेल्डिंग करताना तो धूर होऊन उडतो, सांध्यात छिद्रे ठेवतो आणि वेल्डरला ताप आणतो. वाळू भरून, तापवून वाकवली, तर वाकण्याची बाहेरची बाजू पातळ होते, आतली सुरकुतते. आणि उलटलेल्या गाडीचा भार नेमका त्या वाकणावरच येतो.

शिवणरहित नळीची युक्ती १८८० च्या दशकात जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी काढली. तापलेला भरीव गोल दोन तिरप्या रुळांत फिरवत त्याच्या पोटात टोकदार सुळा घुसवायचा, म्हणजे जोड नसलेली नळी मिळते. आज अशी नळी रायगड जिल्ह्यात सुकेळीलाही तयार होते. पण सामान्य गॅरेजवाल्याला ती टनाने नको, दहा-वीस मीटरच हवी असते. आणि तिच्याबरोबर कोणत्या पोलादाची आहे याचा कागदही हवा असतो. खेतवाडीचा खरा उपयोग इथे होतो. दारुखान्यात बोटी मोडून निघालेली नळी निम्म्या भावात मिळेल, दिसायला तशीच असेल. पण तिच्या आयुष्याची कुंडली कुणाजवळ नाही.

कैची

नळी कितीही चांगली असो, रचना चुकली तर ती वाया जाते. चार नळ्यांचा चौकोन करा आणि एका कोपऱ्याला रेटा द्या. तो पतंगासारखा तिरका होतो. त्यात एक कर्ण टाका. तो हलत नाही. त्रिकोणाचा हा गुण आपल्या सुतारांना शतकानुशतके माहीत आहे. छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला मराठीत कैची म्हणतात. परळ-लालबागच्या गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे अशाच पोलादी कैच्यांवर उभी होती. उभा चढ काचेचा, त्यातून उत्तरेचा थंड उजेड मागावर पडायचा. माझे वडील त्या छपराखाली तीस वर्षे वावरले. कैचीचा भार सांध्यावरच यावा, मधोमध आला तर दांडा वाकतो, हे ते जेवताना ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून दाखवत.

पिंजऱ्याचे शास्त्रही इतकेच आहे. चालकाच्या मागची मुख्य कमान एकसंध असावी, मध्ये जोड नको. तिला मागे तिरपे आधार हवेत. तिच्या पोटात कर्ण हवा. जिथे एक नळी संपते, तिथेच दुसरी सुरू व्हावी, म्हणजे भार सांध्यातून सांध्यात जात जमिनीपर्यंत पोचतो. एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर फट न ठेवता बसेल असे कापले पाहिजे. फट वेल्डिंगने भरून काढणे ही फसवणूक. आणि पायाची तळपट्टी पत्र्यावर नव्हे, चासीला धरून असावी. नाही तर उलटलेल्या गाडीत कमान शाबूत राहते आणि पत्रा फाडून आत घुसते. वडिलांच्या 'तर'चे दुसरे अर्धे उत्तर हे. दीड इंची पाईप मामांच्या डोक्यावर असता, पण तो जीपच्या पत्र्याला चार बोल्टनी जोडलेला असता, तर फारसा फरक पडला नसता.

आणखी एक तोटा आहे, तो उत्साहात विसरला जातो. पिंजऱ्याचे वजन गाडीच्या सर्वांत वरच्या भागात बसते. गरजेपेक्षा जड पिंजरा गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो, आणि जिच्यापासून वाचायचे, ती कोलांटी जवळ आणतो. लंडनच्या दुमजली बसला, वरच्या मजल्यावर प्रवाशांइतके वजन ठेवून, २८ अंश कलवून पाहत असत. गाडी कलंडू नये हा पहिला बंदोबस्त, पिंजरा दुसरा.

सहा इंच

१८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला गेलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट गिरण्यांना आणि कारखान्यांना तंत्रज्ञ पुरवण्यासाठी जन्मली. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते. लोकांच्या तोंडी व्हीजेटीआयच. तिथले विद्यार्थी, देशातल्या शेकडो महाविद्यालयांप्रमाणे, 'बाहा' या स्पर्धेत उतरतात. अमेरिकेत ती १९७६ मध्ये सुरू झाली, भारतात २००७ मध्ये. एकाच चालकाची, लहान इंजिनाची, खडबडीत वाटेवर चालणारी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखायची, बांधायची आणि अखेर सलग चार तास दगडमातीत पळवायची.

या स्पर्धेचे नियमपुस्तक पिंजऱ्यावरच्या पाठ्यपुस्तकासारखे आहे. मुख्य नळी बाहेरून २५ मिमी, जाडी ३ मिमी, पोलादात कार्बन निदान ०.१८ टक्के. वेगळी नळी घ्यायची असेल, तर ताठपणा आणि ताकद दोन्ही याहून कमी नाहीत, हे गणिताने दाखवा. मुले हे गणित मांडतात, तेव्हा कळते की सव्वा इंची, १.६ मिमी जाडीची नळी पाव हिश्शाहून अधिक हलकी आणि तरी तिसऱ्या हिश्शाने अधिक ताठ पडते. पोलादाचा दाखला हवा. ज्याने वेल्डिंग केले, त्याच्या हातचे नमुन्याचे सांधेही हवेत. एक तोडून दाखवायचा, एक कापून आतपर्यंत वितळ गेली आहे का ते दाखवायचे. आणि चालकाच्या हेल्मेटपासून पिंजऱ्याच्या नळ्यांच्या रेषेपर्यंत सर्व बाजूंनी निदान १५२ मिमी, म्हणजे सहा इंच, जागा मोकळी असली पाहिजे. अंगापासून तीन इंच.

सगळ्या नियमपुस्तकात मला ही सहा इंचांची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. बाकीचे सगळे पोलाद त्या रिकाम्या सहा इंचांसाठी आहे. ज्या शहरात माणसे आयुष्यभर दहा बाय दहाच्या खोलीत जागा मोजत आली, तिथल्या मुलांना ही ओळ शिकवावी लागू नये.

नियम आले, पण

आता नियम आले आहेत. ट्रकच्या केबिनमधल्या माणसांच्या संरक्षणासाठी एआयएस-०२९ हे मानक आहे; बस उलटण्यासाठी एआयएस-०३१. युरोपच्या ज्या नियमाशी ते मिळतेजुळते आहे, त्यात बस ८०० मिमी खोल खड्ड्यात खरोखर कलंडवतात आणि आत ठरवून दिलेल्या जागेत कोणताही भाग घुसला का ते पाहतात. माझगावच्या जीपची वारस 'थार' २०२० मध्ये नव्याने आली, ती नाशिकच्या कारखान्यातून आणि अंगचाच पिंजरा घेऊन. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. मात्र ती चाचणी समोरच्या धडकेची होती, उलटण्याची नव्हे, हे विसरू नये. कमानींपासून पिंजऱ्यापर्यंतचे हे अंतर कापायला एकाहत्तर वर्षे लागली.

पण हौशी पिंजऱ्यांची नवी लाट आली आहे, आणि तिच्याबद्दल सावध केले पाहिजे. शर्यतीतला चालक हेल्मेट घालतो, चार-पाच पट्ट्यांनी जखडलेला असतो, नळीवर जाड स्पंज असतो. रस्त्यावरच्या जीपमध्ये यातले काहीच नसते. तिथे डोक्याजवळ बसवलेली उघडी नळी साध्या धडकेतही कवटीवर हातोड्यासारखी बसू शकते. गाडीत कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाड्यांपुढच्या शोभेच्या पोलादी कठड्यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितले होते. पिंजरा शोभेचा झाला, की तो पुन्हा कैदेचा होतो. मुंबईच्या खिडक्यांना बाहेर काढलेल्या लोखंडी जाळ्यांचे तेच झाले. चोराला अडवायला बसवलेली जाळी आगीच्या वेळी घरच्यांनाच कोंडते.

परवा पुन्हा खेतवाडीत गेलो. त्या दुकानात आता मुलगा बसतो. माझ्याआधी पाठीला बॅगा अडकवलेली तीन पोरे उभी होती. "कशासाठी?" त्याने विचारले. एका पोराने फोनवरचे चित्र पुढे केले. मुलाने ते नीट पाहिले, कमानीच्या वाकणावर बोट ठेवले आणि म्हणाला, "हे गरम करून वाकवू नका. थंडीच वाकवून देणारा माणूस सांगतो." मग त्याने नळीबरोबर दाखल्याची प्रत जोडली.